सोलर बसवलं, पण एजन्सी फोन उचलत नाही. अमरावती-अकोल्यातल्या ग्राहकांनी तक्रार कुठे आणि कशी करायची?

समजा, अकोल्यातल्या गोरक्षण रोडवरच्या एका घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसलं. बँकेने कर्ज मंजूर केलं आणि पैसे थेट एजन्सीच्या खात्यात गेले. पहिले काही महिने बिल खाली आलं. मग एक दिवस इन्व्हर्टरवर लाल दिवा लागला.

एजन्सीला फोन केला. "उद्या पोरगा पाठवतो," असं उत्तर मिळालं. तो उद्या काही उजाडला नाही. महिन्याभरानंतर फोन उचलणंही बंद झालं. महावितरणच्या ऑफिसात गेलं तर तिथे सांगितलं, "हे आमचं काम नाही, एजन्सीला विचारा." पॅनल कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, "तुमच्या डीलरशी संपर्क करा."

इकडे दर महिन्याला कर्जाचा हप्ता जातोय आणि जुन्यासारखं वीजबिलही येतंय. म्हणजे वीज वाचवायला निघालेलं घर आता दोन बिलं भरतंय.

हे उदाहरण काल्पनिक आहे, पण अमरावती, अकोला, अचलपूर, मूर्तिजापूर कुठेही सोलर बसवलेल्या चार घरी विचारलं तर यातला एखादा तुकडा नक्की ऐकायला मिळेल. अशा वेळी भांडण कोणाशी आहे हे ठरवणं, हीच पहिली पायरी असते.

एकाच गच्चीवर चार जण

घरावरच्या सोलरमध्ये ग्राहकाचा संबंध किमान चार जणांशी येतो. पहिली, सोलर बसवणारी एजन्सी. दुसरी, पॅनल आणि इन्व्हर्टर बनवणारी कंपनी. तिसरी, नेट मीटर लावणारी आणि बिल देणारी महावितरण. आणि कर्ज घेतलं असेल तर चौथी, बँक.

प्रत्येकाची जबाबदारी वेगळी आहे. स्ट्रक्चर हललं, वायर जळाली, अर्थिंग नीट नाही, बंद इन्व्हर्टर कोणी बघायला येत नाही, हे एजन्सीचं. पॅनलला भेग पडली किंवा इन्व्हर्टर वॉरंटीत बिघडला, तर वस्तू बदलून देणं कंपनीचं, पण तो दावा लावून द्यायचं काम एजन्सीचं. नेट मीटर लागलं नाही, रीडिंग चुकलं, तुम्ही दिलेली युनिट बिलात धरलीच नाहीत, हे महावितरणचं.

गंमत अशी की या चौघांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांकडे बोट दाखवता येतं.

योजना सरकारी, पण करार खासगी

सध्या बहुतेक घरांवर 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'त सोलर बसतं. केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला २९ फेब्रुवारी २०२४ रोजी मंजुरी दिली. ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आणि देशभरातली १ कोटी घरं, असं हे लक्ष्य आहे. सबसिडी १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८ हजार रुपये. ती ग्राहकाच्या बँक खात्यात जमा होते.

'सरकारी योजना' या शब्दामुळे इथे मोठा गैरसमज होतो. एजन्सी सरकारने पाठवलेली नसते. पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजन्सींपैकी एक ग्राहक स्वतः निवडतो, तिच्याशी किंमत ठरवतो आणि तिच्याशीच करार करतो. काम बिघडलं तर हा वाद ग्राहक आणि एजन्सी यांच्यातला मानला जातो. सरकार त्यात पक्षकार होत नाही.

पण याचा अर्थ एजन्सी मोकळी, असा नाही. योजनेत काम करायचं तर तिला नोंदणी करून बँक गॅरंटी ठेवावी लागते. सोलर सुरू झाल्यापासून ५ वर्षं देखभाल करणं तिच्यावर बंधनकारक असतं. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने ग्राहक आणि एजन्सी यांच्यातल्या कराराचा नमुनाही ठरवून दिलाय. ही ५ वर्षांची अट त्या नमुन्यात आहे. त्यामुळे "तुमची एक वर्षाची सर्व्हिस संपली, आता एएमसी घ्या," असं दुसऱ्याच वर्षी कोणी म्हणालं, तर आधी तो करार काढून वाचायला हवा.

शेतातल्या सोलर पंपाचा मामला वेगळा आहे, हेही लक्षात ठेवा. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत शेतकरी १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीचे शेतकरी ५ टक्के रक्कम भरतात आणि पंप महावितरणच्या यंत्रणेतून बसतो. तिथली तक्रार थेट महावितरणकडे करता येते. वऱ्हाडात अनेक घरी दोन्ही असतं आणि तक्रार करताना गल्लत होते.

सोलर खरंच कमी वीज देतंय का?

तक्रारीआधी हे तपासणं गरजेचं आहे. कारण 'एजन्सीने फसवलं' असं वाटणाऱ्या काही गोष्टी प्रत्यक्षात कोणीच आधी समजावून सांगितलेल्या नसतात.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी गोष्ट म्हणजे, "लाइन गेली की सोलर पण बंद पडतं." बॅटरी नसलेलं, ग्रिडला जोडलेलं सोलर असंच चालतं. लाइन गेल्यावर इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनला तुमच्या घरातून वीज लागली असती. हा बिघाड नाही. पण विकताना "लाइट गेली तरी पंखे चालतील" असं लेखी सांगितलं असेल, तर ती फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट बिलाची. बिलावर दोन आकडे असतात, महावितरणकडून घेतलेली युनिट आणि महावितरणला दिलेली युनिट. सोलरने एकूण किती वीज बनवली, हा आकडा त्यात नसतो. तो इन्व्हर्टरच्या ॲपवर किंवा जनरेशन मीटरवर दिसतो.

एक उदाहरण घेऊ. महिन्यात सोलरने ३६० युनिट बनवली. बिलावर दिलेली युनिट २२० आणि घेतलेली १८०. आता "३६० म्हणत होते, २२०च दिली" अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. उरलेली १४० युनिट दिवसा घरातच वापरली गेली. घराचा एकूण वापर १४० अधिक १८०, म्हणजे ३२० युनिट. घेतलेल्यापेक्षा ४० युनिट जास्त दिली, ती पुढच्या महिन्यात वळती होतील. त्या महिन्यातही बिल अगदी शून्य नसतं, स्थिर आकार भरावाच लागतो.

तिसरी गोष्ट उन्हाची. ऊन जास्त म्हणजे वीज जास्त, असं वाटतं. पण पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नाही. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं. २०२४ च्या मे अखेरीस अकोल्यात उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४४ लागू केलं होतं. अशा दिवसांत गच्चीवरचं पॅनल ६५ ते ७० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे दुपारी १२ ते १८ टक्के घट नुसत्या तापण्यामुळेच होते. स्लॅबच्या आणि पॅनलच्या मध्ये हवा खेळायला जागा सोडलेली नसेल, किंवा टिनांवर पॅनल अगदी चिकटवून बसवले असतील, तर घट आणखी वाढते. ती मात्र बसवणाऱ्याची चूक.

आणि एक गोष्ट खास वऱ्हाडची, पाण्याची. पूर्णा नदीच्या खोऱ्यात, दर्यापूरपासून अकोट, तेल्हारा, बाळापूरपर्यंत खारपाणपट्टा पसरलाय. तिथल्या बोअरच्या पाण्याने पॅनल धुतले की पाणी वाळल्यावर काचेवर पांढरा थर राहतो. महिनोन्महिने असं धुतलं तर तो थर निघत नाही आणि उत्पादन हळूहळू खाली येतं. मग एजन्सी म्हणते, तुमचं पाणी खराब. ग्राहक म्हणतो, तुमचे पॅनल खराब. नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी आणि मऊ कापड, सकाळी पॅनल तापायच्या आत, हा त्यावरचा साधा उपाय आहे. धुण्याचं काम देखभालीत येतं की नाही, हे करारात आधीच लिहून घ्यावं. एजन्सी बहुतेक वेळा ते घरमालकावरच सोडतात.

मग कमी म्हणजे किती कमी? आपल्याकडे १ किलोवॅट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिट देतं. म्हणजे ३ किलोवॅटचं महिन्याला ३५० च्या आसपास. पावसाळ्यात बरंच कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. त्यामुळे जुलैची तुलना मार्चशी करू नका. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी किंवा शेजारच्या तेवढ्याच सोलरशी करा. आकाश स्वच्छ असताना सलग आठवडाभर निम्मंच उत्पादन येत असेल, तर ती नक्कीच तक्रार आहे.

'बिल शून्य' आणि ३१ मार्च

विकताना सांगितलं जातं, "हिवाळ्यात वाचलेली युनिट उन्हाळ्यात कूलरला वापरा." ऐकायला छान वाटतं, पण महाराष्ट्रात हिशोब तसा नाही.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या नियमांनुसार, तुम्ही दिलेली जास्तीची युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच पुढे सरकतात. ३१ मार्चला उरलेली युनिट महावितरण ठरलेल्या दराने विकत घेते आणि ती रक्कम बिलात जमा करते. हा दर आपण महावितरणला देतो त्या घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. मग १ एप्रिलपासून खातं पुन्हा शून्यावर.

वऱ्हाडात कूलर नेमके कधी लागतात? मार्चअखेर ते जून. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च जमवलेली युनिट, गरज लागायच्या तोंडावरच स्वस्तात जातात. एप्रिल-मेचं बिल बघून लोकांना वाटतं सोलर बिघडलं. सोलर ठीक असतं, विकणाऱ्याचं गणित चुकीचं असतं. वर्षाचा एकूण वापर बघून गरजेपेक्षा मोठं सोलर गळ्यात मारलं गेलं असेल, तर हा तोटा दरवर्षी होतो.

एजन्सीचं चुकतं कुठे?

आता खऱ्या दोषांकडे येऊ.

पहिला दोष जागेचा. पाण्याच्या टाकीची, कडुनिंबाची किंवा जिन्याच्या टॉवरची सावली दोनच पॅनलवर पडली, तरी एका ओळीत जोडलेल्या बाकी पॅनलचं उत्पादनही खाली येऊ शकतं. जागा पाहणी करताना हे दिसायलाच हवं होतं. (शेजाऱ्याने नंतर वरचा मजला बांधला, तर तो दोष एजन्सीचा नाही.)

दुसरा, स्ट्रक्चर. मे-जूनच्या वादळवाऱ्यात पॅनलसकट स्ट्रक्चर उडणं म्हणजे नुसतं नुकसान नाही, खाली उभ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. वाऱ्याचा भार किती धरायचा, यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे. पातळ अँगल, गंजलेले नट-बोल्ट, स्लॅबवर नुसते ठेवलेले सिमेंटचे ठोकळे दिसले तर फोटो काढून लगेच लेखी कळवा. आभाळ आलं म्हणून स्वतः वर चढू नका. उन्हात पॅनलच्या वायरींमध्ये करंट असतोच, मेन स्विच बंद केला तरीही.

तिसरा दोष जास्त छुपा आहे, तो पॅनलचा. सबसिडी हवी असेल तर पॅनल आणि त्यातले सेल दोन्ही भारतात बनलेले असावे लागतात. बाजारात त्यांना 'डीसीआर पॅनल' म्हणतात. ते नॉन-डीसीआरपेक्षा महाग असतात. त्यामुळे कोटेशनमध्ये एक आणि गच्चीवर दुसरं, असा प्रकार होऊ शकतो. मग सबसिडी अडकते. पॅनल वर चढवण्याआधीच प्रत्येकाच्या मागच्या स्टिकरचा फोटो घ्या आणि सिरियल नंबर बिलाशी जुळवून बघा. एकदा पॅनल बसले की मागची बाजू बघायला आडवंच व्हावं लागतं.

दुपारी इन्व्हर्टर अधूनमधून बंद पडत असेल आणि ॲपवर व्होल्टेज जास्त असल्याचा संदेश येत असेल, तर दोष कोणाचा हे पाच मिनिटांत कळू शकतं. ऊन चांगलं असताना इलेक्ट्रिशियनकडून इन्व्हर्टरपाशी आणि महावितरणच्या मीटरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. दोन्हीकडे जास्त असेल तर लाइनचा प्रश्न, महावितरणकडे तक्रार करा. मीटरपाशी ठीक पण इन्व्हर्टरपाशी बरंच जास्त असेल, तर वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे. मग एजन्सीला बोलवा.

पैसे एकाला, नोंदणी दुसऱ्याची

सगळ्यात किचकट वाद इथे होतात.

गावातला ओळखीचा मुलगा, इलेक्ट्रिकलचं दुकान किंवा एखादा एजंट काम घेतो. त्याची स्वतःची नोंदणी नसते. पोर्टलवर तो दुसऱ्याच एजन्सीचं नाव टाकतो. पैसे काही रोख, काही त्याच्या यूपीआयवर, कर्जाची रक्कम तिसऱ्याच खात्यात. बिघाड झाला की एजंट म्हणतो, मी फक्त मधला. एजन्सी म्हणते, आम्ही यांना ओळखत नाही.

म्हणून पहिला रुपया देण्याआधी एकच मिलाप करून बघा. पोर्टलवर निवडलेल्या एजन्सीचं नाव, करारावरचं नाव, जीएसटी बिलावरचं नाव आणि ज्या बँक खात्यात पैसे जातायत त्याचं नाव, ही चारही एकच हवीत. एक जरी वेगळं असलं तरी थांबा आणि विचारा.

जीएसटीचंही बघून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. सामान आणि बसवणं मिळून एकच काम दिलं असेल, तर ७० टक्के रकमेवर ५ आणि ३० टक्के रकमेवर १८ टक्के, म्हणजे एकूण ८.९ टक्के कर होतो. "बिल नको, थोडं कमी करून देतो" या ऑफरमध्ये वाचतात ते हेच पैसे. आणि जाते ती वॉरंटी. बिलच नसेल तर कंपनी दारात उभं करत नाही आणि ग्राहक आयोगात पहिला कागद तोच मागतात.

कर्जाच्या बाबतीत एक सही जपून करा. योजनेत ३ किलोवॅटपर्यंत २ लाख रुपयांपर्यंतचं कर्ज तारणाशिवाय मिळतं आणि ते बहुतेक वेळा थेट एजन्सीला जातं. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर ग्राहकाची सही लागते. मीटर बसायच्या आधी "फक्त फॉर्मॅलिटी आहे" म्हणून ती सही घेतली जाते. ती झाली की हातातला शेवटचा पत्ता गेला. बँकेने सांगितलेल्या टप्प्यांआधीच पैसे सोडले, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मात्र सोलर बंद आहे म्हणून हप्ता थांबवू नका, सिबिल तुमचंच बिघडेल.

वीजमीटर अजून आजोबांच्या किंवा वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल, तर सोलरच्या अर्जाआधी नाव बदलून घ्या. बँक खातं एकाचं आणि मीटर दुसऱ्याचं, यात सबसिडी अडकते आणि तिथे एजन्सीचा दोष नसतो.

तक्रार कोणत्या क्रमाने करायची?

सुरुवात एजन्सीपासूनच, पण फोनवर नाही. फोनवरच्या दहा तक्रारींपेक्षा एक ई-मेल किंवा स्पीड पोस्टचं पत्र कामाचं. त्यात बसवल्याची तारीख, किती किलोवॅट, दिलेली रक्कम, कोणत्या तारखेपासून काय बंद आहे आणि किती दिवसांत दुरुस्ती हवी, एवढंच लिहा. १५ दिवसांची मुदत पुरे. सोबत ॲपचे स्क्रीनशॉट, फोटो आणि बिलं जोडा. ॲपचं लॉगिन एजन्सीकडेच असेल तर ते आजच मागून घ्या. वाद पेटल्यावर जुने आकडे त्यांच्याच हातात राहतात.

उत्तर आलं नाही, तर पीएम सूर्यघर पोर्टलवर आपल्या लॉगिनमधून तक्रार नोंदवा किंवा १५५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर फोन करा. त्याच तक्रारीची प्रत महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. "हे आमचं काम नाही" असं म्हटलं तरी द्या. एजन्सीची नोंदणी आणि बँक गॅरंटी याच यंत्रणेकडे असते आणि काळ्या यादीत जाण्याची भीती एजन्सीला ग्राहकाच्या रागापेक्षा जास्त वाटते.

यासोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, म्हणजे १९१५. ती कोर्ट नाही. ती एजन्सीला किंवा कंपनीला तक्रार पाठवते आणि उत्तर मागते. मोठ्या ब्रँडच्या पॅनल आणि इन्व्हर्टरच्या वॉरंटीसाठी याचा चांगला उपयोग होतो, गल्लीतल्या एजंटवर फारसा नाही.

दोष महावितरणचा असेल तर वाट वेगळी आहे. नेट मीटर लागत नसेल किंवा बिलात युनिट धरलेली नसतील, तर १९१२ किंवा १८००-२३३-३४३५ वर तक्रार नोंदवून नंबर घ्या. छतावरचं सोलर सुरू करून देण्याची मुदत केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आली आहे. तसंच १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट काढलेली आहे. तरीही काम झालं नाही, तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येतं. अमरावती परिमंडळात अमरावती आणि यवतमाळ जिल्हे येतात. अकोला परिमंडळात अकोला, बुलडाणा आणि वाशीम. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत नागपूरच्या विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते. एजन्सीविरुद्धची तक्रार मात्र हा मंच ऐकत नाही. मीटरचे पैसे एजन्सी वेगळे मागत असेल, तर देण्याआधी उपविभागात विचारून घ्या.

आगाऊ रक्कम घेऊन एजंट गायबच झाला असेल, तर तो सेवेतल्या त्रुटीचा नाही, फसवणुकीचा मामला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलिसांत तक्रार करा. अमरावती शहरात पोलीस आयुक्तालय आहे, अकोल्यात जिल्हा पोलीस अधीक्षक. बनावट लिंक किंवा ॲपवरून पैसे गेले असतील, तर आधी १९३० वर फोन करा. तिथे तासांचा हिशोब असतो.

ग्राहक आयोगात वकील लागतो का?

नाही. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात जाता येतं आणि ५ लाखांपर्यंत शुल्कच नाही. घरगुती सोलर बहुतेक वेळा यातच बसतं. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येतं.

करारात बारीक अक्षरांत "सर्व वाद पुणे न्यायालयात" असं लिहिलेलं असतं. घाबरू नका. नव्या कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात स्पष्ट केलंय.

दुकान, जिनिंग किंवा हॉटेलच्या छतावरच्या सोलरचं मात्र तसं नाही. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागू होत नाही. फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असलेल्या छोट्या धंद्याला सूट आहे.

तक्रारीत विरुद्ध पक्ष म्हणून कोणाला धरायचं? एजन्सी, पैसे घेणारा एजंट आणि वस्तूत दोष असेल तर कंपनी, सगळ्यांना धरा. एकाला सोडलं तर उरलेले नेमकं त्याच्याकडे बोट दाखवतील.

मागणी आकड्यात करा. 'मानसिक त्रासाबद्दल ५ लाख' या वाक्याने फार काही हलत नाही. ३ किलोवॅटचं सोलर ४ महिने बंद राहिलं, तर बुडाली साधारण १,४०० युनिट. तुमच्या बिलावर त्या महिन्यांत जो दर लागला, त्याने गुणा. ही झाली भरपाईची पहिली ओळ. दुरुस्तीचं दुसऱ्याकडून घेतलेलं लेखी कोटेशन ही दुसरी. मग त्रास आणि खर्च. पॅनल सदोष आहेत की नाही यावर वाद असेल, तर आयोग प्रयोगशाळेची तपासणी मागवू शकतो.

व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुरावा म्हणून चालतं, पण नुसत्या प्रिंटआउटवर नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइल बदलताना ते चॅट उडणार नाही, याची काळजी घ्या.

कायद्यात निकालाची मुदत ३ महिने, तपासणी लागली तर ५ महिने अशी आहे. प्रत्यक्षात तारखा त्यापुढे जातात, हे मनात धरूनच उतरावं. म्हणूनच बंद सोलर निकालापर्यंत तसंच ठेवायची गरज नाही. एजन्सीला लेखी कळवा, फोटो-व्हिडिओ काढा, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्या आणि ते बिल तक्रारीत मागा. फक्त इन्व्हर्टर किंवा पॅनल उघडू देऊ नका, कंपनीची वॉरंटी जाऊ शकते.

मुदत २ वर्षांची आहे, वादाचं कारण घडल्यापासून. "उद्या येतो" ऐकत राहिल्याने ती वाढत नाही. इन्व्हर्टर १० जून २०२५ ला बंद पडला आणि एजन्सीने तेव्हाच हात वर केले असतील, तर १० जून २०२७ च्या आत तक्रार दाखल व्हायला हवी. उशीर झाला तर सबळ कारण द्यावं लागतं.

निकाल लागूनही एजन्सीने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात वसुलीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अनेक प्रकरणांत पैसे याच टप्प्यावर निघतात.

एजन्सीच बंद पडली तर?

दुकानाला कुलूप, पाटी उतरवलेली. अशा वेळी बिलावर मालकाचं नाव असेल आणि ती एकट्याची पेढी असेल, तर धंदा बंद झाला तरी जबाबदारी त्या व्यक्तीवर राहते. कंपनी असेल तर वसुली अवघड जाते.

पॅनल आणि इन्व्हर्टरची वॉरंटी मात्र शिल्लक असते, कारण ती कंपनीने दिलेली असते. सिरियल नंबर, बिल आणि सोलर सुरू झाल्याचा अहवाल घेऊन थेट कंपनीच्या सर्व्हिस विभागाकडे तक्रार नोंदवा. तिथे "डीलरमार्फत या" म्हणाले, तर डीलर बंद असल्याचं लेखी कळवा आणि १९१५ वर तोच नंबर द्या. उरलेल्या ५ वर्षांच्या देखभालीचं काय करायचं, हे महावितरणच्या मंडळ कार्यालयाला पत्राने विचारा आणि त्या एजन्सीच्या बँक गॅरंटीचा उल्लेख त्यात ठळकपणे करा.